कोरडे हत्यार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, लखमा राठोड पहाटेच्या गाडीची शिट्टी ऐकून उठला. मेडशीजवळच्या तांड्यावरून तो आणि त्याची बायको हिरीबाई आदल्या संध्याकाळीच वाशीमला परतली होती. घरात गाठोडी अजून सुटली नव्हती. त्याने आडावरून दोन घागरी पाणी आणले, थंड पाण्याने अंघोळ केली, आणि मग रोजच्याप्रमाणे कपड्यांच्या साबणाने दोन्ही हात कोपरापर्यंत पुन्हा धुतले. नखांच्या कडा काडीने कोरल्या. हिरीबाईने केस विंचरण्यासाठी तेलाची बाटली उघडली तसा तो उठून दाराशी जाऊन बसला. भाकरी त्याने कांद्याशी आणि कोरड्या तिखटाशी खाल्ली. कामावर जायच्या सकाळी भाजीवर तेलाचा तवंग दिसला तर तो ताटाला हात लावत नसे. ही त्याची रीत तिला लग्नानंतर चार महिन्यांत कळली होती. तिचे कारण मात्र सहा वर्षांत कळले नव्हते. विचारले की तो म्हणे, कामाचा नेम आहे.

सात वाजता तो निघाला. स्टेशनच्या वाटेवर माणिकचंद शेटजींचा सरकी काढण्याचा कारखाना होता. सारे गाव त्याला जिन म्हणे. जिनाच्या मागल्या खोलीत तीस वर्षे चाललेला बॉयलर यंदा मोडीत निघाला होता. त्याच्याभोवती भिंती नंतर बांधल्या गेल्या होत्या, त्यामुळे तो अखंड बाहेर काढणे शक्य नव्हते. जागच्या जागी कापून तुकड्यांनी काढायचा होता. ते काम लखमाचे. वाशीमात कटर, म्हणजे वायूच्या ज्योतीने लोखंड कापण्याचे हत्यार, चालवणारा त्या साली तो एकटाच होता. बॉयलरचा दोन तृतीयांश भाग त्याने दसऱ्यापूर्वी कापला होता. दारातून आत जाईल एवढा लहान नवा बॉयलर मालगाडीच्या डब्यात स्टेशनावर येऊन पडला होता, आणि आठ-दहा दिवसांत कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकाशी लागणार होत्या.

कामाच्या आधीचा त्याचा क्रम ठरलेला असे. आधी जळणारा वायू तयार करणाऱ्या कारबाईटच्या टाकीतले पाणी बघायचे. मग आग उलटी शिरली तर ती अडावी म्हणून मध्ये बसवलेल्या पाण्याच्या कुपीत पाणी खुणेपर्यंत आहे ना, ते बघायचे. रबरी नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते न्याहाळायचे. आणि शेवटी नोझल निवडायचे. कटरच्या तोंडाशी बसणारा बोटभर लांबीचा तांब्याचा तो तुकडा म्हणजे सगळ्या कामाचे मर्म. मध्ये एक भोक, भोवती सहा बारीक भोके. पातळ पत्र्याला लहान नोझल, जाडाला मोठे. लहान नोझलने जाड पत्रा कापू गेले तर धार आरपार जात नाही. मोठ्याने पातळ कापू गेले तर पत्रा वितळतो आणि कापलेली फट मागून पुन्हा सांधते. बॉयलरच्या अर्ध्या इंची पत्र्याला मधल्या मापाचे लागे. ते रोज पितळेच्या तारेने साफ करायचे, पोलादी तारेने कधीच नाही. पोलाद तांब्याला खाते आणि भोक वाकडे होते.

मधल्या मापाचे त्याचे जुने नोझल तसेही आयुष्य संपवून बसले होते. भोक अंड्यासारखे लांबट झाले होते. ज्योत दुभंगे, वितळलेले लोखंड उलट उडे, आणि मधूनच फट् आवाज करून आग कटरच्या आत शिरे. तसे झाले की लखमा कटर बंद करून कितीतरी वेळ ते पुन्हा पेटवत नसे. म्हणून त्याने शेटजींच्या मागे लागून मुंबईहून दोन नवी नोझले मागवली होती. ती दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात आली, आणि तो ती कागदाच्या पुडीत, पुडी डब्यात, अशी ठेवून तांड्यावर गेला होता.

त्याने खोलीचे दार उघडले आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

पाटावर धुतलेले फडके अंथरले होते. त्यावर घण, छिन्न्या, नट आवळायचे पाने ओळीने मांडलेले आणि मध्ये त्याचे कटर. प्रत्येक वस्तूवर शेंदराची बोटे, झेंडूची फुले, आपट्याची पाने. कटरची पितळी मूठ उजेडात लखलखत होती. पाटाच्या कडेला एका वाटीत काठोकाठ गोडेतेल होते, आणि त्या तेलाच्या तळाशी दोन्ही नवी नोझले.

लखमाने दोन्ही हात पाठीमागे नेले. आपण ते का नेले हे त्याला लगेच समजले नाही. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. ऑक्सिजनची बाटली, जिला सगळे हवेची बाटली म्हणत, भिंतीशी उभी होती. तिच्या गळ्यात माळ होती. आणि दाब दाखवणारे पितळेचे घड्याळ, जे तो स्वतःच्या हाताने काढून फडक्यात बांधून पेटीत ठेवून गेला होता, ते बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवलेले होते.

“काय गा लखमा, पायलं का?” मागून आवाज आला. “कशी सजवली तुही बाटली? नवरदेवावानी दिसून राह्यली का नाई?”

रामराव मिस्तरी दारात उभे होते. साठीचे, अंगाने वाळलेले, मनगटे मात्र अजून ऐरणीसारखी. जिनाची स्थापना झाल्यापासून बॉयलर त्यांच्या हाताखाली होता. चार वर्षांपूर्वी तांड्याचा हा माणूस काम मागत फाटकाशी आला, तेव्हा शेटजींना “ठेवून घ्या, याच्या हातात लोखंड आहे” असे सांगणारे तेच होते.

“तुमी पुजलं हे सारं?” लखमाने विचारले.

“मंग? तू गेला तांड्यावर. खंडेनवमीले तुही हत्यारं उपाशी ठेवू का? म्या डबा उघडला त पाह्यतो काय, ठणठणीत कोरडं सारं. जीव तुटला गा माहा. लोहाराच्या घरी असं हत्यार ठेवलं असतं त बापानं घरात घेतलं नसतं.” मिस्तरी हसले. “दोन रातींपासून तेल पिऊन राह्यले ते. आता पाह्य कसं कापते ते.”

लखमालाही हसणे भाग होते. तो हसलाही असेल. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र खोली उरली नव्हती.

एका पुलाच्या कामावर, आठ वर्षांपूर्वी, रतनसिंग नावाच्या उस्तादाने त्याला कटर धरायला शिकवले होते. रतनसिंग रोज सांगे, हवेच्या बाटलीजवळ तेल नको, तुपाचे बोट नको, डोक्याचे तेल पुसलेला पंचासुद्धा नको. ती हवा स्वतः जळत नाही. पण दाबाने सुटते तेव्हा तेलाला काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. ते आपले आपण पेटते, आणि मग पितळ कागदासारखे जळते. इतके जपणाऱ्या रतनसिंगाने एका सकाळी क्रेनच्या साखळीला ग्रीस लावता लावता त्याच हाताने बाटलीची चावी फिरवली. आवाज फारसा मोठा नव्हता. फुस्सकन एक पांढरी जीभ बाहेर आली आणि परत गेली, एवढेच. पण रतनसिंगाचा उजवा हात आणि चेहऱ्याची एक बाजू तिने नेली होती. तो नऊ दिवस जगला.

“मिस्तरीबाबा,” लखमाने विचारले, “तेल कुठी कुठी लावलं?”

“कुठी कुठी म्हंजे? जिथी लोखंड तिथी तेल. पितळ बी लोखंडाचाच भाऊ हाये.” रामराव बोटे मोजू लागले. “कटरले लावलं. नोझलं त वाटीतच बसवले. बाटलीची चावी कुरकुर करून राह्यली होती, तिच्या बुडाशी सोडले दोन थेंब. आन त्या घड्याळाचा आटा, काय सांगू तुले, असा कोरडा, बसेच ना! मंग तेलाचं बोट फिरवलं आतून-बाहेरून. लोण्यावानी बसलं.”

“आतून?”

“हाव, आतून. काम करा त पुरं करा.”

नोझले तो सोडा घालून उकळू शकत होता. कटरची मूठ खोलून धुता आली असती, दिवसभर लागला असता तरी. पण घड्याळ त्याने कधी उघडले नव्हते. ते उघडण्याची विद्याच त्याच्याजवळ नव्हती. त्याच्या तोंडातले भोक सुईच्या जाडीचे होते, आणि चावी उघडताच बाटलीचा सगळा दाब पहिला धक्का तिथेच मारणार होता. तेलाचे बोट आतून फिरले होते. ते किती आत गेले, हे सांगणारे कोणी नव्हते.

“देवला,” त्याने बाहेर झाडणाऱ्या हमालाला हाक मारली, “चुलीवर पाणी ठेव मोठं भगुनं भरून. आन धुण्याचा सोडा आण.”

“आलं बाप्पा सोवळं!” देवला झाडू टेकवून म्हणाला. “मिस्तरी, हा मागल्या जन्मी बामन होता. आमी हात धुतो जेवाले, हा धुते कामाले.”

“कायले पाहजे सोडा?” रामरावांनी विचारले.

“नोझलं धुवाचे हायेत.”

मिस्तरींचा चेहरा हळूहळू उतरला. “पुजलेलं हत्यार? एकादशीच्या दिवशी? शेंदूर लावला त्याच्यावर म्या, लखमा.”

“कामाचा नेम हाये, बाबा.”

“कोणाचा नेम? चाळीस वर्षं लोखंडाले तेल देऊन राह्यलो मी. तेलानं लोखंड जळलं म्हून अजून त कोणी सांगतलं नाई.”

एवढ्यात फाटकातून माणिकचंद शेटजी आले. पांढरे धोतर, काळी टोपी, हातात स्टेशनमास्तरांची चिठ्ठी. मनाचे वाईट नव्हते, पण त्या सकाळी घाईत होते.

“लखमा, आज दुपारपर्यंत बॉयलरचा मागला पडदा कापून झाला पाहजे. उद्या हत्ती लावून का होईना, नवा बॉयलर आत घ्याचा आहे. काय अडलं?”

“नोझलं धुवाले अर्धा घंटा लागते, शेट.”

“मग धू.”

“धुवाचं काय काम?” देवला मध्येच बोलला. “जुनं हाये ना तुह्या खिशात? ते त कोरडं हाये.”

लखमाने खिशातले जुने नोझल काढून तळहातावर धरले. “याचं भोक पाह्य. गोल राह्यलं का? यानं आग मांगं फिरते.” बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. नोझलची गोष्ट खरी होती, पण ती आज सगळ्यांत लहान गोष्ट होती. आणि तो तिच्याच आड उभा होता.

“बरं, नवीन धुऊन घे. अर्धा घंटा,” शेटजी म्हणाले. “तवर नारळ आणवतो. दसऱ्यानंतर बाटलीची पहिली चावी मिस्तरींच्या हातची. दरसालची रीत आहे.”

“त्याले इचारा, माहा हात चालते का,” रामराव लखमाकडे न पाहता म्हणाले. “माहा बी हात सोड्यानं धुतीन तो.”

देवला खो खो हसला. शेटजीही हसले. “जा मिस्तरी, फेटा बांधून या. नारळाच्या वेळी उघड्या डोक्यानं उभं राहता का?”

ते गेले. शेटजी कचेरीकडे, देवला नारळाला, आणि रामराव आवारातल्या कडुनिंबाखालच्या आपल्या खोलीकडे, पाठ नेहमीपेक्षा ताठ करून.

लखमा खोलीत एकटा राहिला. त्याने वाटीतून नोझले चिमट्याने उचलली. तेल तारेसारखे खाली गळले. जाताना देवलाने चुलीवर चढवलेल्या भगुन्यात त्याने ती सोडली, सोडा टाकला, आणि फेसाकडे बघत बसला. अर्ध्या तासाने मिस्तरी फेटा बांधून येतील. बाटलीसमोर उभे राहतील. ते चावी हळू उघडणार नाहीत. बॉयलरची झडप उघडावी तशी एका झटक्यात उघडतील, कारण त्यांच्या मते कचरणारा हात अपशकुनी. चेहरा अगदी घड्याळासमोर असेल, कारण काटा वर चढताना बघायला त्यांना आवडे. त्यांच्या भुवयांत शेंदराचा कण अडकलेला लखमाने आत्ताच पाहिला होता.

कदाचित काही होणारही नाही. तेल आट्यांवरच राहिले असेल, सुकले असेल. रतनसिंगानेसुद्धा त्याआधी कधी तेलकट बोट लावले नसेल कशावरून? हा विचार त्याला बरा वाटला, आणि बरा वाटला म्हणूनच त्याची भीती वाढली. असाच विचार त्याने पूर्वी एकदा केला होता.

ही गोष्ट त्याने हिरीबाईलाही सांगितली नव्हती. त्या सकाळी रतनसिंगाच्या हाताला लागलेले काळे ग्रीस लखमाने पाहिले होते. चार पावलांवर उभा होता तो. उस्तादाला टोकायचे कसे, नवखा माणूस, तोही तांड्यावरचा. आणि उस्तादाला का ठाऊक नसेल? तेवढ्या वेळात रतनसिंगाने चावी फिरवली. पुढे त्याने सगळे नेम पाळले, हात धुतले, तेल टाळले. पण कोणी कारण विचारले की तो गप्प राहिला. घाबरणाऱ्या माणसाच्या हाती कोणी कटर देत नाही, असे त्याला वाटे. चार वर्षे एका छपराखाली काम करूनही मिस्तरींना त्याने फक्त “हात लावू नका” एवढेच सांगितले होते; का लावू नका, ते नाही. कारणाशिवायचा नेम त्यांनी मायेने मोडला, तर त्यात त्यांचे काय चुकले?

आताही सांगता येईल. शेटजींसमोर, नारळ हातात असताना, देवला हसत असताना. मिस्तरी म्हणतील, चाळीस वर्षं. शेटजी म्हणतील, एकदा बघू तर. आणि हात चावीवर जाईल. बोलण्यात वेळ जातो. चावीला वेळ लागत नाही.

भगुन्यातले पाणी उकळू लागले होते. लखमा उठला. त्याने बाटलीची चावी घट्ट बंद आहे ना ते पाहिले. मग बाटलीच्या गळ्यातली माळ काढून पाटावर ठेवली, चावी काढून कमरेला खोचली, आणि पाना लावून घड्याळ सोडवले. तेल लावलेले आटे खरेच लोण्यासारखे फिरले. घड्याळाच्या तोंडात त्याने कागदाची सुरळी घालून फिरवली. सुरळीच्या टोकावर पिवळा डाग उमटला. आतला डाग. त्याने कागद उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला, कारण अजूनही चूक निघाली तर त्याला हवी होती.

हे घड्याळ मुंबईशिवाय मिळत नव्हते. ते नसेल तर काम थांबणार, आणि काम थांबवणारा माणूस शेटजींना पुढे नकोसा होईल, हे त्याला दिसत होते. तरी ते पुन्हा कोणाला बसवताच येऊ नये म्हणून त्याने घड्याळ बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळले. करवत घेतली. पितळ मऊ, पाते सहज उतरले. पहिल्या दोन रेघा वाकड्या गेल्या, तिसरी सरळ गेली. आट्यांचा तुकडा जमिनीवर पडला तेव्हा बाहेर देवलाचा आवाज येत होता.

लखमाने बाटलीच्या तोंडावर लोखंडी टोपी चढवून पान्याने आवळली. पेटीतला खडू घेतला आणि बाटलीच्या अंगावर मोठी अक्षरे काढली. तो लिहीत असतानाच सगळे आत आले. शेटजींची नजर शेगड्यावर गेली.

“हे काय? घड्याळ कोणी तोडलं?”

“म्या,” लखमा म्हणाला. “म्याच कापलं, शेट. चूक माही हाये, मिस्तरींची नाई. तुमी ठरवसान ते मले मंजूर हाये. पण आज ही बाटली कोणी उघडणार नाई.”

शेटजींच्या हातातला नारळ तसाच राहिला. देवला हसला नाही. रामराव नव्या फेट्यात, अपमानाने लाल झालेले, दोन पावले पुढे आले. त्यांना अक्षर येत नव्हते. खडूच्या रेघांवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “काय लिवलं हे?”

“उघडू नका म्हून लिवलं, बाबा.”

“काहून?”

लखमाने खडू खाली ठेवला, मिस्तरींसाठी पाट झटकून पुढे सरकवला, आणि ते बसेपर्यंत थांबून त्याने कारण सांगायला सुरुवात केली.